कातकामाचे मर्म गोल पटाशीच्या धारेत

सायकलला दगड जोडून पायडलवर तो फिरवणारा धारवाला शहरांच्या गल्ल्यांतून आजही अधूनमधून दिसतो. सुरी, कात्री, विळी त्याच्या हाती दिली की चार ठिणग्या उडतात आणि काम होते. स्वयंपाकघरातल्या हत्यारांना एवढी धार पुरते. लाकूड कातणाऱ्या कातारीची गोल पटाशी मात्र त्याच्याकडे देऊन भागत नाही. धारवाल्याच्या कौशल्यात काही उणे असते असे नाही. सुरीला फक्त धार हवी असते, तर गोल पटाशीला धारेबरोबर विशिष्ट आकारही हवा असतो. तो आकार कोणता हे लाकूड, घडवायची वस्तू आणि पटाशी धरणारा हात यांवरून ठरते.

लेथवर फिरणाऱ्या लाकडाला हत्याराने आकार देणे म्हणजे कातकाम. लाटणे, भोवरा, पाळण्याचे आणि देव्हाऱ्याचे खांब, बुद्धिबळाची प्यादी, सावंतवाडीची लाकडी खेळणी या साऱ्या वस्तू कातकामातून येतात. या कामातले मुख्य हत्यार म्हणजे गोल पटाशी. इंग्रजीत तिला गाऊज म्हणतात. सुताराची नेहमीची पटाशी सपाट असते. हिच्या अंगात मात्र लांबीच्या दिशेने पन्हळ कोरलेली असते. टोकाशी खालच्या बाजूने पोलाद घासून उतार काढला, की तो उतार आणि पन्हळीची आतली बाजू जिथे मिळतात ती वक्र रेषा म्हणजे धार. या धारेच्या मधल्या भागाला नाक म्हणावे, दोन्ही बाजूंना मागे गेलेल्या भागांना पंख म्हणावे आणि उताराच्या मागच्या काठाला टाच म्हणावे, म्हणजे पुढचे विवेचन समजणे सोपे जाईल.

छंद म्हणून छोटा लेथ घरी आणणाऱ्या नवशिक्याचे पहिले काही आठवडे बहुधा निराशेचे असतात. लाकडाची सलग सोल निघण्याऐवजी भुसा उडतो, पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसतो आणि मध्येच पटाशी लाकडात रुतून जबरदस्त झटका बसतो. आपल्या हातालाच ही कला साधत नाही, असे वाटून अनेकजण लेथ कापडाखाली झाकून ठेवतात. खरे तर पुष्कळदा दोष हाताचा नसतो. नवी पटाशी कारखान्यातून येते ती साधारण आकार देऊन. कामाची धार ज्याची त्याने लावून घ्यावी, अशी या व्यवसायाची जुनी रीत आहे. ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. बोथट किंवा चुकीच्या आकाराच्या पटाशीने शिकू पाहणारा माणूस पटाशी धरण्याच्या चुकीच्या सवयीही तिच्याबरोबरच शिकतो, आणि त्या पुढे मोडणे कठीण जाते.

असे का होते हे समजण्यासाठी पटाशी कापते कशी ते पाहिले पाहिजे. लेथवर लाकूड फिरत असते आणि हत्यार एका लोखंडी टेकूवर ठेवून पुढे सरकवायचे असते. कसलेला कातारी धार थेट लाकडात खुपसत नाही. तो आधी उताराची टाच फिरत्या लाकडाला टेकवतो. त्या वेळी काहीच कापले जात नाही, उतार नुसता घासत राहतो. मग तो मूठ हळूहळू उचलतो, तशी टाचेकडून धारेकडे उतार लाकडावर टेकत जातो आणि एका क्षणी धार लाकूड घेऊ लागते. त्यानंतरही धारेमागचा उतार कापल्या गेलेल्या पृष्ठभागावर टेकलेलाच असतो. रंध्याच्या तळव्यामुळे पाते जसे ठरावीक खोलीपेक्षा खाली जात नाही, तसेच काम येथे हा उतार करतो. उतारच धारेचा आधार असल्याने त्यावर दोन-तीन वेगवेगळे पैलू पडले, तर हाताला टेकण्याची एक जागा सापडत नाही. धार बोथट असेल तर ती आत शिरावी म्हणून माणूस जोर लावतो, उताराचा आधार सुटतो आणि पटाशीचा कोपरा लाकडात घुसतो. कातकामात बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा अधिक धोक्याचे, ते यामुळेच.

ही धार टिकते तरी किती? २५० मिलिमीटर व्यासाचे लाकडी भांडे मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या काठावर पटाशीखालून मिनिटाला सुमारे ६२८ मीटर लाकूड सरकते. पाच मिनिटांत हा हिशोब तीन किलोमीटरच्या पुढे जातो. सुताराचा रंधा दिवसभरातही क्वचितच एवढी मजल मारत असेल. त्यातून लाकूड सागवानाचे असले तर धार आणखी लवकर जाते. साग नखाला फारसा कठीण लागत नाही, पण त्याच्या अंगात वाळूतलाच सिलिका हा पदार्थ असतो आणि तो पोलाद झिजवतो. सागवानावर काम करताना पटाशी पुन्हा पुन्हा ग्राइंडरकडे न्यावी लागली तर त्यात नवल नाही. अनुभवी कातारी कामाच्या मध्ये धार लावतो आणि शेवटचा हात फिरवण्यापूर्वी तर हमखास लावतो.

सगळ्या गोल पटाश्या मात्र एका कामाच्या नसतात. लाटण्यात लाकडाचे तंतू लेथच्या आसाला समांतर असतात. काठवटीसारखे पसरट भांडे कातताना ते आसाला आडवे असतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत पटाशीला दोनदा तंतूंच्या सोबतीने आणि दोनदा त्यांच्याविरुद्ध कापावे लागते. पहिल्या प्रकारच्या कामाला उथळ पन्हळीची पटाशी लागते. तिचे नाक नखाच्या आकारासारखे गोलसर आणि उताराचा कोन साधारण ३० ते ४० अंशांचा असतो. कोन लहान असल्याने ती खाचाखोचांत शिरते आणि तंतू सफाईने कापते. भांड्यासाठी पटाशी जाड दांड्याची आणि खोल पन्हळीची लागते. तिचा कोन सहसा ४५ ते ६० अंशांत असतो. भांडे खोल असेल तर कमी कोनाच्या पटाशीची मूठ भांड्याच्या काठाला अडते आणि तळाशी उतार टेकतच नाही. म्हणून अनेक कातारी केवळ तळासाठी ६५-७० अंशांची आखूड उताराची दुसरी पटाशी जवळ ठेवतात.

तिसरा प्रकार चौकोनी लाकूड गोल करण्याच्या रुंद पटाशीचा. ती दिसते सर्वांत दणकट, पण मुठीत शिरणारा तिचा शेपटासारखा भाग अरुंद आणि चपटा असतो. आडव्या तंतूंच्या भांड्यावर ती चालवली आणि झटका बसला, तर ती त्या जागी मोडू शकते. मोडलेला तुकडा कुणीकडे जाईल याचा नेम नसतो. ही पटाशी लाटण्यासारख्या लांब कामापुरतीच वापरायची, हा नियम सर्वत्र कसोशीने पाळला जातो.

भांड्याच्या पटाशीचा आकार हा गेल्या अर्धशतकात सर्वांत बदललेला विषय आहे. जुन्या इंग्रजी पद्धतीत तिचे तोंड जवळजवळ सरळ कापलेले असे. दोन्ही पंख नाकाच्या रेषेतच संपत. पुढे पंख मागे ओढून घेण्याची रीत आली. अमेरिकेत डेव्हिड एल्सवर्थ आणि आयर्लंडमध्ये लिअम ओ'नील या कातारींच्या नावाशी ती जोडली जाते. एल्सवर्थ हे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संघटनेचे पहिले अध्यक्ष. पंख मागे गेल्याने एकाच पटाशीला तीन हत्यारांचे गुण येतात. नाकाने भांडे पोखरता येते, पंखाने जाड सोली काढत बाहेरचा आकार झटपट देता येतो आणि पन्हळ मिटवून पंख अलगद फिरवला तर पृष्ठभाग तासून गुळगुळीत करता येतो. तोटाही आहे. पंख जितका लांब, तितकी लाकडात एकदम रुतू शकणारी धार लांब. नवशिक्याने पहिली पटाशी मध्यम पंखांची घासून घ्यावी. फार लांब पंखांचा मोह नंतरसाठी ठेवावा.

आकाराइतकाच प्रश्न पोलादाचा आहे. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळापर्यंत पटाश्या साध्या कार्बन पोलादाच्या असत. या पोलादाला उत्तम धार लागते, पण ते उष्णतेला भिते. ग्राइंडरवर घासताना ते सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळे पडते आणि ३०० अंशांच्या आसपास निळे होते. निळा रंग उमटला म्हणजे तेवढ्या भागाचे पाणी उतरले. तो भाग घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही. पातळ धारेच्या टोकाला हा निळा रंग यायला दोन-तीन सेकंदही पुरतात. अमेरिकेतील बेथलेहेम स्टील कंपनीत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी १९०० च्या सुमारास शोधलेल्या हायस्पीड स्टीलने हे भय संपवले. हे पोलाद सुमारे ५५० अंशांपर्यंत आपला कठीणपणा सोडत नाही. कातकामाच्या हत्यारांत मात्र ते रुळायला पुढे अनेक दशके जावी लागली. आज बाजारातल्या बहुतेक आयात पटाश्या त्याच पोलादाच्या असतात आणि त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम व व्हॅनेडियम हे धातू मिसळलेले असतात.

पोलाद कोणते हे ओळखण्याची खूण ठिणग्यांत असते. कार्बन पोलाद चाकाला लावले की पिवळसर पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या उडतात. हायस्पीड स्टीलच्या ठिणग्या मंद, तांबूस आणि न फुटणाऱ्या असतात. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण दोघांची शुश्रूषा वेगळी. कार्बन पोलाद घासताना वारंवार पाण्यात बुडवावे लागते. हायस्पीड स्टील तापलेले असताना एकदम पाण्यात बुडवले तर धारेला सूक्ष्म तडे जाऊ शकतात. ते हवेत निवू द्यावे. जुन्या कानशीपासून पटाशी घडवण्याची हौस आपल्याकडे अनेकांना असते. कानशीचे पोलाद चांगले असले तरी ते काचेसारखे ठिसूळ होईपर्यंत कडक केलेले असते. पुन्हा तापवून त्याला योग्य पाणी दिल्याशिवाय लेथवर ते वापरणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय.

ज्या चाकावर धार लावायची त्याचाही इतिहास आहे, आणि तो काहीसा काळा आहे. हत्यारांसाठी जगभर नाव झालेल्या इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात, जिथे रॉबर्ट सॉर्बीसारखे कातकामाच्या हत्यारांचे कारखाने १८२८ पासून उभे राहिले, तिथे एकोणिसाव्या शतकात धार नैसर्गिक वालुकाश्माच्या चाकांवर लावली जाई. त्या दगडाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत साठे. फ्रीडरिश एंगल्स यांनी इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवरील आपल्या १८४५ च्या पुस्तकात शेफिल्डच्या डॉ. नाइट यांचा दाखला दिला आहे. कोरड्या चाकावर काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षांचे आणि ओल्या चाकावर काम करणाऱ्यांचे फार तर ४५ वर्षांचे, असा तो दाखला. पुढे कृत्रिम अपघर्षकांची चाके आली आणि वालुकाश्म मागे पडला. धूळ मात्र पूर्ण संपलेली नाही. ग्राइंडरवर चष्मा आणि नाकातोंडावर मास्क हवाच.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ग्राइंडरला बहुधा राखाडी रंगाची कठीण चाके बसवलेली असतात. ती वेल्डिंगच्या कामाला ठीक. पटाशीसाठी पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे ८० ते १२० ग्रेडचे चाक अधिक योग्य. त्याचे बोथट झालेले कण झडून नवे वर येतात, त्यामुळे पोलाद कमी तापते. अशा चाकाचा पृष्ठभाग हिऱ्याच्या ड्रेसरने अधूनमधून सपाट आणि ताजा करावा लागतो. चाक झिजत जाते तसा त्याचा व्यास कमी होतो आणि आधी बसवलेला कोनही सरकतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अलीकडे क्यूबिक बोरॉन नायट्राइडचा थर दिलेली पोलादी चाके लोकप्रिय झाली आहेत. हा पदार्थ रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत प्रथम तयार केला. कठीणपणात तो हिऱ्याच्या खालोखाल. ही चाके महाग, पण झिजून लहान होत नाहीत. मऊ लोखंड मात्र त्यांवर कधी घासू नये. ते थरात भरून बसते आणि चाक निकामी होते.

ग्राइंडरची गतीही पाहून घ्यावी. आपल्याकडच्या विजेवर चालणारे बहुतेक छोटे ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८५० फेऱ्यांचे असतात, तर मंद गतीचे साधारण १४४० फेऱ्यांचे. शिकणाऱ्याला मंद ग्राइंडर परवडतो तो किमतीमुळे नव्हे, चुका करायला सवड मिळते म्हणून. वेगवान चाकावर हात एक क्षण रेंगाळला की आठवडाभराचे पोलाद जाते.

प्रत्यक्ष धार लावण्यापूर्वी उतारावर मार्कर पेनने शाई फासावी. मग चाक बंद ठेवून पटाशी टेकूवर धरावी आणि चाक हाताने किंचित फिरवावे. शाई फक्त टाचेकडे पुसली तर मूठ थोडी उचलायची. फक्त धारेकडे पुसली तर खाली घ्यायची. पूर्ण उतारावरची शाई एकसारखी जाईल तेव्हा कोन जुळला असे समजावे. यानंतरच ग्राइंडर चालू करायचा. घासताना आधी टाच टेकवून मग धारेकडे यावे, म्हणजे लेथवर जी हालचाल करायची तीच येथेही होते. दाब इतका हलका असावा की पटाशीचे वजनच जवळपास पुरे. पटाशी एका पंखापासून नाकावरून दुसऱ्या पंखापर्यंत सलग फिरवत न्यावी आणि तशाच परत आणावी. धारेवरून वरच्या बाजूला, पन्हळीत ठिणग्या येऊ लागल्या की उतार धारेपर्यंत पोचला. तिथे थांबायचे. रोजच्या धारेला तीन-चार हलक्या फेऱ्यांहून अधिक काही लागत नाही.

बिघाड होतो तो नाक आणि पंख यांच्या मधल्या वळणावर. पन्हळीमुळे पटाशीची जाडी सगळीकडे सारखी नसते. नाकाशी पोलाद जाड असते, पंखांशी पातळ. सगळीकडे सारखा वेळ आणि सारखा दाब दिला तर पंखाकडचे पोलाद आधी संपते आणि नाकामागे धारेला खळगा पडतो. बाजूने पाहिल्यास पंखाची रेषा सरळ किंवा किंचित फुगीर दिसली पाहिजे. ती आत गेलेली दिसली तर तो खळगा. अशी पटाशी फिरवताना हाताला काहीतरी चुकते आहे असे जाणवते, पण काय ते कळत नाही. पंखांवर फार वेळ घालवला की नाक पक्ष्याच्या चोचीसारखे टोकदार होते आणि असे नाक भांड्याच्या आत खोल रेघा ओढते. यावर एकच उपाय. नाकाशी हात सावकाश, पंखाशी हलका आणि वळणावर न थांबता पुढे.

हे सारे मोकळ्या हाताने करावे की साच्याने, यावर कातारींमध्ये जुना वाद आहे. साचा म्हणजे पटाशी पकडून ती एका टेकणीवर ठरावीक कमानीत फिरवणारे उपकरण. कॅनडातील वनवे कंपनीचा वुल्वरिन आणि पाण्यात फिरणाऱ्या चाकासाठी स्वीडनच्या टॉरमेक कंपनीचे साचे प्रसिद्ध आहेत. मोकळ्या हाताचे समर्थक म्हणतात की साच्याने हात आंधळा होतो. यात तथ्य असले तरी ते वीस वर्षे धार लावलेल्यांचे तथ्य आहे. दर वेळी वेगळा कोन पडला तर दर वेळी जुना उतार पुसून नवा काढावा लागतो, आणि महागडी पटाशी लाकूड कापून नव्हे तर ग्राइंडरवरच संपते. साच्याचा खरा लाभ तोच आकार पुन्हा पुन्हा येण्यात आहे. त्यासाठी पटाशी साच्याबाहेर किती काढायची हे अंतर दर वेळी सारखे असले पाहिजे. बहुतेक साच्यांत ते ४५ ते ५० मिलिमीटर असते. एका लाकडी ठोकळ्यावर तेवढ्या अंतरावर खिळा ठोकून ठेवला की मोजपट्टीची गरज उरत नाही.

आयात पटाशी विकत घेताना मापाचा घोळ लक्षात ठेवावा. ब्रिटनमध्ये भांड्याच्या पटाशीचे माप पन्हळीच्या रुंदीवरून सांगतात, अमेरिकेत दांड्याच्या व्यासावरून. त्यामुळे ब्रिटिश यादीतली ३/८ इंची आणि अमेरिकन यादीतली १/२ इंची पटाशी सहसा एकाच मापाची असते. पन्हळ आतून कशी आहे तेही पाहावे. धार ही दोन पृष्ठभागांच्या भेटीची रेषा असल्याने उतार कितीही चांगला घासला, पण पन्हळीत यंत्राच्या रेघा राहिल्या असतील, तर धार करवतीसारखी दातेरी होते. अशा वेळी गोल काठाच्या तेलाच्या दगडाने किंवा दांड्याला गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने पन्हळ एकदाच चकचकीत करून घ्यावी. घासल्यावर धारेवर उलटून येणारा धातूचा सूक्ष्म काठ याच दगडाने निघतो. काहीजण तो काढत नाहीत, कारण पहिल्या काही फेऱ्यांत लाकूडच तो उडवून लावते.

धार आली की नाही हे अंगठ्याने पाहण्यापेक्षा उजेडात पाहणे बरे. दिव्याखाली पटाशी फिरवावी. धार बोथट असेल तर तिथे पांढरी रेघ चमकते, कारण तिला प्रकाश परतवण्याइतकी जाडी असते. खरी धार दिसत नाही. रेघ फक्त एका पंखावर चमकली तर तेवढ्याच भागावर आणखी एक हलकी फेरी द्यायची.

लाकडानुसारही थोडा फरक करावा लागतो. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी परंपरेने वापरला जाणारा पांगारा मऊ आणि हलका. अशा लाकडाचे तंतू बोथट धारेखाली कापले न जाता चिरडतात, आणि रंगाखाली तो खडबडीतपणा लपत नाही. शिसम, बाभळीसारख्या कठीण लाकडावर अगदी लहान कोनाची धार लवकर तुटते, म्हणून तिथे कोन थोडा वाढवलेला बरा. एका लाकडावर चांगली चालणारी पटाशी दुसऱ्यावर रुसली, तर प्रथम कोन तपासावा.

प्रत्येक धारेबरोबर पटाशी आखूड होत जाते. पन्हळ जिथे उथळ होऊन संपते तिथपर्यंत ती कामाची. त्यापुढे घासली तर धारेचा आकारच बदलतो. हायस्पीड स्टीलचा उरलेला दांडा पुष्कळ कातारी टाकत नाहीत. तो घासून छोट्या डब्यांच्या आत फिरवण्याची खरवडणी करतात.